खोडलेलं वाक्य

"आज संध्याकाळी माझं दुकान बंद करणार आहेत," अवुओरबाई दारातूनच म्हणाल्या, "आणि माझा काडीचाही दोष नाही!"

केनियातल्या होमा बेच्या बाजारात त्यांचं सायबर कॅफे होतं. पुढे चार संगणक, मागे फोटो काढायची खोली. पेनिना ओगुतूंनी आपल्या कचेरीत चहाचा कप खाली ठेवला. बँकेतली नोकरी सोडून त्या खासगी तपास करू लागल्या, तेव्हा गावाने नाकं मुरडली होती. आता अडचण आली की तेच गाव त्यांचं दार ठोठावत असे. त्यांचे तपासातले जोडीदार, निवृत्त हवालदार ब्विरे, तळलेली गोड मंडाझी खात होते, ते खातच राहिले.

हकिगत अशी होती. सिल्वानस ओकुमू हा मासळी कारखान्यातला कामगार. तिथे कुजक्या माशांना औषध मारून ते ताजे म्हणून विकतात, अशी निनावी तक्रार त्याने काल या कॅफेतून सरकारी तपासनिसांच्या संकेतस्थळावर पाठवली. आज सकाळी मॅनेजरने त्याला हाकललं, तेही त्याचंच वाक्य तोंडावर फेकून.

"आता जो तो म्हणतो, अवुओर गिऱ्हाइकांचं चोरून वाचते. बाजार समिती संध्याकाळी निकाल देणार."

"वायफाय तुमचं, म्हणजे वाचलं तुम्हीच," ब्विरेंनी तोंडातला घास न गिळताच निकाल देऊन टाकला.

"काका, आधी खाऊन घ्या," पेनिना म्हणाल्या.

कॅफेत सिल्वानस डोकं धरून बसला होता.

"पत्त्याशेजारी कुलपाचं चिन्ह होतं?" पेनिनांनी विचारलं.

"होतं."

"संकेतस्थळ सुरक्षित नाही, असा काही इशारा आला?"

"नाही, बाई."

"मॅनेजर नेमकं काय म्हणाला?"

"'माझी मुलगी रुसिंगाच्या शाळेत हेच मासे खाते.' वाक्य माझंच. पण रुसिंगा बेटावर मुलगी शिकते असा कामगार मी एकटाच. ते ध्यानात आलं आणि पाठवायच्या आधीच मी ते खोडलं! मग शेवटी नवं घातलं, की औषधाची पिंपं बर्फखान्यामागे लपवलीत."

"पिंपांबद्दल मॅनेजर काही बोलला?"

"अवाक्षर नाही. पिंपं अजून तिथेच आहेत म्हणे."

"मजकूर कुणाला दाखवलात?"

"सख्ख्या बायकोलाही नाही. पाठवेपर्यंत जागेवरून हललोही नाही."

कोपऱ्यात संगणक दुरुस्त करणारा किझितो हसला. "कशाला उगाच डोकं शिणवता, मॅडम? वायफायच्या डब्यात सगळं साठतं. मी सकाळी उघडून पाहिलं, अख्खी तक्रार आहे. आणि पासवर्ड आहे अवुओरबाईंकडे."

"काल तुम्ही इथे होता?"

"दिवसभर. याच मशीनला चिकटून."

तेवढ्यात दारात एक म्हातारी आली. सिल्वानस खाली मान घालून मागच्या दाराने निघून गेला.

"बघा, कसा गुणी जावई आहे माझा!" युनियाबाई कौतुकाने म्हणाल्या. "काल मी फोटोला आले तेव्हाही असाच गेला. फोटो होईस्तोवर बिचारा उन्हात उभा."

"यांचा डोक्याचा रुमाल मनासारखा बसेना," अवुओरबाई म्हणाल्या. "आत किती वेळ गेला आमचा!"

"जावयाने सासूसमोर बसायचं नसतंच," ब्विरे म्हणाले. "मी तर एकदा खिडकीतून उडी मारली होती."

पेनिना मात्र सिल्वानसच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिल्या.

संध्याकाळी समितीची माणसं कॅफेसमोर जमली, सिल्वानसही आला. अवुओरबाई समितीला द्यायची दुकानाची किल्ली हातात धरून उभ्या होत्या. ब्विरेंना पहिल्यांदाच सकाळच्या बोलण्याची लाज वाटली.

"किझितो," पेनिना म्हणाल्या, "डब्यातल्या तक्रारीचा शेवट काय होता?"

"ते मुलीचं, रुसिंगाचं वाक्य."

"ते वाक्य पाठवलंच गेलं नव्हतं. मग डब्यात आलं कुठून?"

किझितोचा चेहरा उतरला.

"आणि गेलं असतं तरी वाचता आलं नसतं," पेनिना समितीकडे वळल्या. "मटाटू गाडीच्या टपावर कुलूपबंद पेटी ठेवली, तर ती कुठे उतरवायची ते कंडक्टरला कळतं. आत काय आहे ते नाही. किल्ली दोन टोकांनाच. ते कुलपाचं चिन्ह म्हणजे हीच पेटी आणि वायफाय म्हणजे कंडक्टर. इथून कुणीतरी तपासनिसांच्या संकेतस्थळावर गेलं, एवढं फार तर अवुओरबाईंना कळेल. लिहिलेलं एक अक्षर कळणार नाही."

"मग तपासनिसांकडूनच फुटलं असेल!" ब्विरे म्हणाले.

"काका, खोडलेलं वाक्य त्यांना दिसेल कसं? आणि त्यांच्याकडून फुटलं असतं, तर मॅनेजरने आधी पिंपं हलवली असती. चोराला खोडलेलं माहीत आहे, नंतर घातलेलं नाही. म्हणजे त्याने अर्धवट मजकूर स्क्रीनवरच वाचला, खुर्ची रिकामी असताना. सासूबाई आल्या, सिल्वानस बाहेर गेला. अवुओरबाई सासूबाईंना घेऊन आतल्या खोलीत. बाहेर उरलं कोण?"

सगळ्यांच्या माना किझितोकडे वळल्या.

"कारखान्यात कायमची नोकरी देणार होते," तो पुटपुटला.

"पण मी उठलो होतो हे मला आठवलंच नाही!" सिल्वानस म्हणाला.

"कसं आठवेल? सासूला मान देणं म्हणजे जागेवरून उठणं, असं इथे कोण धरतं? आणि ऐका, तुमची पेटी धडधाकट पोचली. तपासनीस दुपारीच पिंपं जप्त करून गेले."

समितीच्या अध्यक्षांनी अवुओरबाईंची किल्ली त्यांच्याच मुठीत बंद केली. बाईंना हुंदका आवरला नाही.

दुसऱ्या दिवशी कॅफेत बसायला जागा नव्हती. सिल्वानस पुरवणी जबाब लिहीत होता, या वेळी खाली स्वतःचं नाव घालून. इतक्यात युनियाबाई फोटो न्यायला आल्या. तो धडपडत उठू लागला, तशा त्या उंबऱ्याबाहेरच थांबल्या.

"बस, बाबा, बस. तुझं लिहून होऊ दे, मग येते मी," असं म्हणून त्यांनी पाठ फिरवली आणि जावयाचं होईस्तोवर त्या उन्हात उभ्या राहिल्या.