भरल्या बसचा रिकामा थांबा

दिवस मावळायच्या आत जेवायचं, हा बाळगोंडाचा नेम. त्यामुळं संध्याकाळी दारात कुणी आलं की त्याच्या कपाळाला आठी पडायची. त्या दिवशी ताटात भाकरी पडायला आणि जिन्यावर चपला वाजायला एकच गाठ पडली.

"आमची माणसं चोरीला जायला लागल्यात," दारातली तरुण बाई धापा टाकत म्हणाली. "एक-दोन न्हाय, बसभर!"

बाळगोंडाचा घास हातातच राहिला. त्याची चुलतबहीण ब्राह्मी चौगुले मात्र जागची हलली नाही. बेळगावात खासगी तपासाचं काम करून तिनं चांगलं नाव कमावलं होतं. निपाणीतला तंबाखूचा धंदा बसल्यावर बाळगोंडा तिच्याकडं आला. तिची गाडी चालवायची आणि तिच्या डोक्याच्या मागनं पळायचं, अशी त्याच्याकडं दोन कामं होती. पहिलं त्याला छान जमायचं.

"बस आधी. नाव सांग, मग चोरी सांग," ब्राह्मी म्हणाली.

नाव नीलम. सांबऱ्याच्या अलीकडं माळेवाडी, आणि माळेवाडीच्या पुढं उघड्या माळावर उठलेलं सुवर्णनगर लेआउट, तिथं तिचं घर. प्लॉट विकले गेले, घरं झाली, वीज आली, नळ आले. रस्ता तेवढा आला नाही. माळेवाडीपर्यंत डांबर, पुढं नुसती खड्ड्यांची वाट. दोन महिन्यांपूर्वी तिथून शहराची बस सुरू झाली, तीही चाचणीपुरती.

"आमच्या थांब्यावरनं किती माणसं चढत्यात ते बघून बस ठेवायची का बंद करायची ते ठरणार हाय. आन् वरचे लोक म्हणत्यात, तिथनं कोणच चढत न्हाय! आक्का, रोज सकाळी मला बसायला जागा मिळत न्हाय वो. उभ्यानं जात्ये मी. मग मी कोण, भूत?"

"बस बंद झाली तर?"

 नीलम दवाखान्याच्या लॅबमध्ये कामाला होती. नवरा गोव्याला. सासूनं स्वच्छ सांगितलं होतं, बस बंद झाली की नोकरी बंद. टमटमला लोंबकळत जायचं नाही. "मला न्हाय सोडायची नोकरी. लई कष्टानं शिकल्ये मी," ती म्हणाली आणि पदरानं डोळे पुसायला लागली.

बाळगोंडाला वाईट वाटलं. त्यानं पाण्याचा तांब्या पुढं केला.

"कंडक्टर युवराजदादावर चौकशी लागल्या," नीलम पाणी पिऊन म्हणाली. "पैसे खातोय म्हणं. तो तसला न्हाय."

"बायकांना आपल्या राज्यात तिकीट फुकट. त्यात खायचं काय?" ब्राह्मी स्वतःशीच बोलल्यासारखं बोलली. "बाळअण्णा, जेवून घे. सकाळी सुवर्णनगर."

सकाळी थांब्यावर पोचल्यावर बाळगोंडाला कळलं की नीलम एक अक्षर वाढवून बोलली नव्हती. शिवणकामाला जाणाऱ्या, दुकानात कामाला असणाऱ्या, कॉलेजच्या मुली, भाजीच्या पाट्या घेतलेल्या बायका, नुसती झुंबड. पुरुष मोटारसायकलींवरून पुढं निघून जात होते. गाडी तिथंच लावून ही दोघंही बसमध्ये घुसली. बायकांच्या गर्दीत बाळगोंडा एकटा बाप्या, बिचारा अंग चोरून उभा राहिला.

"धरून बसा रं, धरून!" कंडक्टर युवराज दाराचा दांडा काखेत धरून ओरडला. तिकिटाचं मशीन त्याच्या खांद्याच्या पिशवीत होतं. "तिकिटं पुढं देतो, आधी जीव सांभाळा!"

ते खरंच होतं. बस एका खड्ड्यातून निघून दुसऱ्यात शिरत होती. बाळगोंडाचं डोकं दोनदा वर आपटलं, आणि प्रत्येक वेळी त्यानं ब्राह्मीकडं रागानं बघितलं. ती मजेत खिडकीबाहेर बघत होती.

चाकं डांबराला लागली आणि माळेवाडीचा थांबा आला. दोन म्हाताऱ्या चढल्या. युवराजनं मशीन पिशवीतून काढलं, एक बटण दाबलं आणि मग मागून पुढं तिकिटं काढत निघाला. बायका ओळखपत्र दाखवायच्या, शून्य रुपयांचं तिकीट घ्यायच्या आणि न बघता मुठीत चुरगळायच्या. बाळगोंडानं रोख पैसे दिले.

"स्वस्त हाय की!" तो खूश होऊन म्हणाला.

बसस्टँडवर बस रिकामी झाल्यावर ब्राह्मीनं युवराजला गाठलं. उंच, सडपातळ, डोळ्यांखाली काळं आलेलं.

"तुझ्यावर आरोप काय आहे?"

"सुवर्णनगरच्या लोकांना तिकीट देत न्हाय म्हणून. आता तुमीच बघितलासा न्हवं? एक बाई दाखवा बिनतिकिटाची! तपासनीस दोनदा चढला. सगळ्यांच्या हातात तिकीट. तरी बी म्हणत्यात, थांब्यावर कोण चढत न्हाय." त्यानं कोपर चोळलं. तिथं दांड्यानं लागून लागून निळं झालं होतं. "माझं तर डोकंच चालंना झालंय. घरात सांगितलं न्हाय अजून."

"मशीन पिशवीत का ठेवतोस?"

"मागं एकदा खड्ड्यात हातातनं सुटलं. काच गेली. पगारातनं कापून घेतलं."

गाडी लेआउटमध्ये अडकली होती, म्हणून परत जायलाही तीच बस. या खेपेला तिकीट काढताना बाळगोंडा चांगलाच तडकला.

"सुवर्णनगर म्हटलं तर पाच रुपये जास्त! जाताना कमी, येताना जास्त, हा कुठला न्याय?"

"सकाळी सूट असेल," ब्राह्मी म्हणाली. पण तिनं वळून त्याच्याकडं असं बघितलं, जणू त्यानं काहीतरी शहाणपणाचं बोलून टाकलंय. असा अनुभव त्याला फारसा नव्हता.

सुवर्णनगरच्या थांब्यापाशी भावकू नावाच्या एकाची टमटम उभी होती. भावकू आत आडवा झालेला.

"बस बंद झाली तर तुझी चंगळ," ब्राह्मीनं सरळच विचारलं. "तूच काही केलं नाहीस ना?"

भावकू उठून बसला. "मी काय करणार? बायकांचे हात धरून बसमधनं ओढू व्हय? आन् बस रिकामी असती तर ही माणसं कुठं असती? माझ्यात! बघा, शिटावर धूळ बसल्या." त्यानं हातानं धूळ उडवून दाखवली. "वर आनखी माळेवाडीला दुसरी बस सोडल्यात. गर्दी लई वाढल्या म्हणं तिथं! म्या जल्मलो माळेवाडीत. गाव हाय तेवढंच हाय, पोरं सगळी मोटारसायकलवर. कुठली गर्दी आन् कुठलं काय!"

"भावकू, तू लई कामाचं बोललास," ब्राह्मी म्हणाली.

"मग एक खेप तरी द्या की," भावकू म्हणाला आणि परत आडवा झाला.

लेआउटचे मालक जिनेंद्र शेट पत्र्याच्या साइट ऑफिसात होते. ब्राह्मीच्या आईच्या माहेरची ओळख निघाली, त्यामुळं चहा आला. मग मुद्दा आला.

"मी लपवत नाही," शेट म्हणाले. "शहर चारी बाजूंनी पसरतंय आणि निधी आहे तेवढाच. या भागाला यंदा एकच रक्कम आहे. बस ठेवली तर तिचा तोटा भरण्यात ती जाणार. बस बंद झाली तर तिच्यातनं माळेवाडीपर्यंतचा रस्ता होणार. रस्ता झाला की माझे पुढचे प्लॉट हातोहात जातील. मला रस्ता हवाय."

"म्हणजे बस बंद पडली तर तुमचा फायदा."

"आहेच की. पण ब्राह्मी, लोकांना तिकीट घेऊ नका असं मी सांगायला गेलो तर ह्या बायका मला जिवंत ठेवतील काय?"

बाहेर आल्यावर बाळगोंडा कुजबुजला, "हाच. शंभर टक्के हाच. गोड बोलतोय."

"शेट खरं बोलतोय. सगळेच खरं बोलतायत, बाळअण्णा. हीच तर गंमत आहे."

"मग चोर कोण?"

ब्राह्मीनं फोन काढला आणि बस विभागाच्या अधिकारी रचना मॅडमना उद्या सुवर्णनगरला यायची विनंती केली.

दुसऱ्या दिवशी सकाळची बस गेल्यावर साइट ऑफिसात सगळे जमले. रचना मॅडम खुर्चीवर, जिनेंद्र शेट टेबलामागं. युवराज रजा टाकून आलेला, भावकू दाराला टेकलेला. नीलमनं कामावर उशिरा येते म्हणून कळवलं होतं. तिच्या शेजारी तिची सासू अक्काताई, हाताची घडी घालून, तोंड मिटून.

"मॅडम, तुमचे आकडे खोटे नाहीत," ब्राह्मीनं सुरुवात केली. "आणि नीलमही खोटं बोलत नाही. थांब्यावर माणसं चढतात, सगळ्यांना तिकीट मिळतं, तरी थांबा रिकामा. मग ती तिकिटं जातात कुठं? भावकूनं ते सांगितलं."

"म्या?" भावकू दचकला.

"माळेवाडीला अचानक गर्दी वाढली, म्हणून दुसरी गाडी दिली. पण गाव आहे तेवढंच, आणि काल तिथं चढल्या दोन म्हाताऱ्या. जी माणसं इथं हरवली, तीच तिथं सापडली. इथं चढणारी बाई कागदावर माळेवाडीला चढते."

"पण कशी?" रचना मॅडमनी विचारलं.

"ते आमच्या बाळअण्णाच्या कुरकुरीनं कळलं. जाताना कमी पैसे, येताना पाच रुपये जास्त. बस तीच, वाट तीच. येताना यानं सुवर्णनगर म्हणून तिकीट मागितलं, बरोबर पैसे दिले. जाताना मात्र मशीनच्या लेखी तो माळेवाडीला चढला."

"मी? मी तर इथनं डोकं आपटत गेलो!" बाळगोंडा म्हणाला. सगळे हसले.

"मशीनला तुझं डोकं दिसत नाही. युवराज, डांबर लागल्यावर मशीन काढून कुठलं बटण दाबलंस?"

"थांबा पुढं न्यायचं," युवराज म्हणाला. "माळेवाडी आली की दाबावंच लागतंय."

"आणि तिकिटं?"

"त्याच्यानंतर." त्याचा चेहरा उतरत चालला. "खड्ड्यात दोन्ही हात लागत्यात धरायला. मशीन फुटलं तर परत पगार कापणार. म्हणून डांबरावर आलं की एकदम सगळ्यांची काढतो. पण मॅडम, शून्याचं तिकीट! शून्य कुठनं बी काढलं तरी शून्यच की!"

"तुमच्या पिशवीत शून्य," रचना मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "त्या प्रत्येक तिकिटामागं सरकार आम्हाला पैसे देतं. आणि कोण कुठून चढलं, ते आम्ही त्यावरूनच मोजतो."

"इतके दिवस कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?" जिनेंद्र शेटनी विचारलं.

"पैसे द्यावे लागले असते तर पहिल्याच दिवशी एखादीनं बघितलं असतं. फुकटचं तिकीट कोण वाचतंय? आणि पैसे देणारे पुरुष इथं बसनं जातच नाहीत. तपासनीस तिकीट आहे का बघतो, कुठून आहे ते बघत नाही. बाळअण्णा चिकट म्हणून बरं."

बाळगोंडाला हे कौतुक की टोमणा ते कळलं नाही. त्यानं कौतुक धरलं.

युवराज नीलमकडं वळला. "म्हणजे ही बस म्याच बंद पाडत हुतो? ह्या पोरींची?"

"तू नाहीस. हा रस्ता," ब्राह्मी म्हणाली. "रस्ता खराब, म्हणून बस रिकामी दिसली. बस रिकामी दिसली, म्हणून वरचे लोक ती बंद करायला निघाले."

युवराजनं डोळे पुसले. "उद्यापास्नं इथंच थांबून सगळी तिकिटं काढतो. मगच घंटी."

"चौकशी मी मागं घ्यायला लावते," रचना मॅडम म्हणाल्या. "माळेवाडीची जादा गाडीही बघावी लागेल. पण एक गोष्ट स्पष्ट सांगते. पैसे एकाच खिशातले आहेत. बस राहिली तर यंदा रस्ता नाही. पुढच्या वर्षीचं मी बोलू शकत नाही. आज माझ्यासमोर सुवर्णनगरचं माणूस आहे, म्हणून विचारते. काय हवंय?"

नीलमनं सासूकडं बघितलं. तिला काय हवंय ते सगळ्यांना माहीत होतं, पण सासूसमोर एकटीनं अख्ख्या लेआउटचा रस्ता घालवायचा तिला धीर होईना. जिनेंद्र शेट खाकरले.  चोर सापडला तरी पोरीची नोकरी जाते की काय, असं बाळगोंडाला वाटून गेलं.

"मॅडम," अक्काताई पहिल्यांदाच बोलल्या. "चिखल तुडवून पाय झिजत न्हाईत. रस्ता चांगला आरशागत केलासा आन् त्याच्यावरनं जायला गाडीच न्हाय, तर त्या रस्त्याला काय ओवाळायचं? बस ऱ्हाऊ दे. रस्त्यासाठनं पुढच्या साली आमी सगळ्या बायका तुमच्या हापिसात येताव. त्याच बशीनं येताव."

"पण अत्ती, तुमीच म्हणलासा, नोकरी सोड..." नीलमचे शब्द अडखळले.

"बस बंद झाली तर सोड म्हणलं. नोकरी वाईट म्हणलं न्हवतं." अक्काताईंनी तिच्याकडं न बघताच तिचा हात हातात घेतला. "रडू नको आता. आन् उद्या लवकर ऊठ. हा बाबा हितं थांबून तिकिटं फाडणार, उशीर झाला तर तुझाच पगार कापतील."