शेवट न वाचता

तो पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा स्वतः ओलाचिंब होता आणि त्याची छत्री हातातल्या खोक्यावर धरलेली होती. दारात पाय पुसत म्हणाला, "मी वाळेन हो... पुस्तकं वाळत नाहीत."

मला हसू आलं. खरं तर तिथेच सगळं बिघडलं.

पुस्तकांचं हे दुकान माझ्या मामाचं, आणि दिवसभर गल्ल्यावर मी. मोठ्या प्रकाशकांची माणसं येतात, पोस्टर लावून जातात. हा प्रकाशक मात्र एकटाच. हस्तलिखित वाचणारा हाच, मुद्रितं तपासणारा हाच आणि खोकी वाहणाराही हाच. वर्षाला जेमतेम चार पुस्तकं काढायचा. मामाने पहिल्याच दिवशी त्याला 'एकखांबी तंबू' म्हटलं, पुढे नुसतं 'तंबू' झालं. त्याच्या पुस्तकांना मिळाला मागच्या कपाटातला सगळ्यात खालचा कप्पा. तिथे गिऱ्हाईक वाकतं ते फक्त हातातलं काही पडलं तर.

दर मंगळवारी तो यायचा. माझी पाठ वळली की आपलं एक पुस्तक हळूच दर्शनी टेबलावर ठेवायचा. तो गेला की मी ते परत खाली नेऊन ठेवायचे. असं चार वेळा झालं. पाचव्यांदा मी ते तिथेच राहू दिलं. पुढच्या मंगळवारी त्याने टेबलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे... आणि आम्ही दोघंही भलतीकडे बघू लागलो. महिन्याभरात अहो-जाहो गळून पडलं.

आमच्या दुकानाची एक शिस्त आहे. एखादं पुस्तक आवडलं तर त्याखाली हाताने लिहिलेली चिठ्ठी लावायची आणि सही करायची, पण पुस्तक पूर्ण वाचल्याशिवाय नाही. यात मामा कुणाची भीडभाड ठेवत नाही. लोक त्या चिठ्ठ्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवतात, आणि ज्या पुस्तकाची कुठेच जाहिरात नसते त्याला तेवढाच आधार असतो.

त्या पावसाळ्यात त्याने एका निवृत्त नर्सबाईंची कादंबरी छापली. बाई ब्याऐंशी वर्षांच्या, अंथरुणाला खिळलेल्या. हे त्यांचं पहिलं पुस्तक होतं, आणि दुसरं होणार नाही हे त्यांनाही माहीत होतं. सोमवारी संध्याकाळपर्यंत माझी एकशेवीस पानं झाली होती. मनापासून आवडत होती. पण दुसऱ्या दिवशी तो येणार होता, आणि चिठ्ठी बघून त्याचा चेहरा कसा होतो ते मला बघायचं होतं. मी लिहिलं, "शेवटची पानं मी दोनदा वाचली. दुसऱ्यांदा अक्षरं दिसेनात." खाली सही केली.

चेहरा मला वाटला होता त्याहून सुंदर झाला. "ही बाईंना नेऊन देऊ?" त्याने हळूच विचारलं. मी दिली, आणि दुकानासाठी तशीच दुसरी लिहिली. त्यानंतर पुस्तक पुढे वाचायची मला लाजच वाटू लागली.

तीन आठवड्यांत नऊ प्रती गेल्या. अशा पुस्तकासाठी हे खूप होतं.

मग एका मंगळवारी, तो दुकानात असतानाच, आमचे नेहमीचे पोस्टमास्तरकाका आले आणि त्यांनी कादंबरी माझ्यापुढे उघडून ठेवली. एकशेसाठाव्या पानानंतर पुन्हा एकशेपंचेचाळिसावं पान होतं. बाइंडरने शेवटची सोळा पानं घालायची विसरून त्याआधीचीच सोळा दोनदा शिवली होती.

"पोरी, तू शेवट दोनदा वाचलास म्हणे," काका म्हणाले. "मला तर एकदाही सापडला नाही."

त्याने टेबलावरच्या उरलेल्या प्रती भराभर उघडल्या. आमच्याकडे आलेला सगळा गठ्ठाच तसा होता. मग त्याची नजर चिठ्ठीवर गेली.

"तू वाचलेली प्रत वेगळी असेल ना..." तो म्हणाला.

तो मला निसटायला वाट करून देत होता. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. पण त्याच्याकडे बघताना मला ते जमेना.

"नाही. शेवट मी वाचलेलाच नाही."

"बाईंनी ती चिठ्ठी उशाखाली ठेवलीय," एवढंच तो बोलला. प्रती खोक्यात भरल्या आणि निघून गेला. बाहेर पाऊस होता, पण छत्री उघडायचंही त्याला सुचलं नाही.

मामाला सगळं सांगितलं. तो रागावला नाही, आणि ते जास्त लागलं. बाईंचा पत्ता शोधून दुसऱ्याच दिवशी मी त्यांच्याकडे गेले. खिडकीपाशी पलंग होता, उशाशी औषधं. मी उभ्यानेच सगळं सांगून टाकलं. बाईंनी ऐकून घेतलं. मग स्वतःची प्रत माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "आता वाच. मोठ्याने."

मी सोळा पानं वाचली. कादंबरीतल्या नर्सने सहा महिने ज्याची शुश्रूषा केली तो माणूस बरा होऊन घरी निघतो, आणि ती दवाखान्याच्या फाटकापर्यंत जाऊन एक शब्दही न बोलता परत फिरते.

"कसा वाटला?"

"पटला नाही," माझ्या तोंडून गेलं. "तिने बोलायला हवं होतं."

बाईंनी उशाखालची चिठ्ठी काढली आणि मला परत दिली. "हे लिही. ही छान आहे गं, पण कुठल्याही पुस्तकाला चालली असती."

मी नवी चिठ्ठी लावली. "या कादंबरीचा शेवट मला पटला नाही. वाचा, आणि पुढच्या शनिवारी दुपारी दुकानात येऊन माझ्याशी भांडा." प्रत नेलेल्या नऊही जणांना गाठून खरं काय ते सांगितलं. चांगल्या प्रतींचं खोकं त्याने पाठवून दिलं, स्वतः आला नाही.

शनिवारी सतरा माणसं आली. स्टुलं कमी पडली, दोघं शिडीवर बसली. दोन तास नुसता वाद. ती गप्प राहिली तेच बरोबर, यावर पोस्टमास्तरकाका अडून बसले. नुसतं ऐकायला आलेल्यांनी जाताना कादंबरी नेलीच, आणि काही जणांनी खाली वाकून त्याच्या कप्प्यातली बाकीची पुस्तकंही चाळली. तो मागे भिंतीपाशी उभा होता.

सगळे गेल्यावर तो स्टुलं उचलू लागला.

"एक सांगायचं राहिलंय," मी म्हणाले. "ती पहिली चिठ्ठी मी पुस्तकासाठी लिहिलीच नव्हती. मंगळवारी तू येणार होतास... म्हणून लिहिली. तू मला आवडतोस. माफ कर किंवा नको करूस, पण हे तुला माहीत असू दे."

हातातलं स्टूल त्याने खाली ठेवलं.

"हे ऐकून मला जास्तच राग यायला हवा," तो म्हणाला.

"आलाय?"

"आणायचा प्रयत्न करतोय..." तो थांबला, गंभीर झाला. "ती चिठ्ठी बाईंना मीच वाचून दाखवली होती. खोटी होती हे त्यांना सांगायचं धाडस मला आठवडाभर झालं नाही. तू दुसऱ्याच दिवशी जाऊन उभी राहिलीस, बाईंनीच सांगितलं मला."

"मग?"

"मग काय... मलाही तू आवडतेस. मघाशी तू सगळ्यांशी भांडत होतीस ना, तेव्हा तर फारच."

एवढं बोलून तो त्याच स्टुलावर बसला. दुसरं मी ओढून घेतलं. त्याचा हात मी हातात घेतला, आणि मामा कुलूप लावायला येईपर्यंत सोडला नाही.