मोरपंखी गालिच्यावरची वर्तुळं

ऊई आंटींनी टोस्टचा पहिला घास घेतला आणि याती रडतच कॉफीच्या दुकानात शिरली.

पिनांगच्या त्या गल्लीत दुकानातलं हे कोपऱ्यातलं टेबल म्हणजेच आंटींचं ऑफिस. हरवलेल्या अंगठ्या आणि पळालेले नवरे, दोन्ही इथेच बसून शोधले जात. समोर लिंगम होता. निवृत्त पोस्टमन, ताडमाड उंच. तो आंटींची गाडी चालवायचा आणि स्वतःला त्यांचा उजवा हात समजायचा. आत्ता मात्र त्याचा जळफळाट चालला होता, कारण दुकानदाराने आंटींच्या टोस्टवर नारळाचा जॅम त्याच्यापेक्षा जास्त थापला होता.

"आंटी, माझं वाटोळं झालं," याती म्हणाली.

"बस. पाणी पी. मग नीट सांग."

बुंगा लावांग हॉटेलातले सगळे गालिचे धुण्याचं कंत्राट यातीकडे होतं. मोठ्या हॉलमधला मोरपंखी लोकरी गालिचा तिने सकाळी नव्या यंत्राने धुतला. चकाचक झाला. शुक्रवार असल्याने दुपारी तिचा नवरा झुल मशिदीत गेला आणि ती जेवायला. परत येऊन बघते तर स्टेजसमोर पलंगाएवढा पट्टा ओला, त्यावर वर्तुळंच वर्तुळं आणि लोकर पिंजून वर आलेली.

"उद्या तिथे लग्न आहे. मॅनेजर ख्वा साहेब म्हणतात, नवं यंत्र आणून मिरवलंस आणि गालिचा खाल्लास. संध्याकाळपर्यंत मी निर्दोष ठरले नाही तर कंत्राट गेलं. मग या शहरात मला पायपुसणंसुद्धा कुणी धुवायला देणार नाही."

"नव्या यंत्राने होईल असं?"

"शक्यच नाही! त्याची तबकडी नुसती गरगरत नाही, बारीक थरथरते. म्हणून तर घेतलं. वर्तुळं उठतात ती जुन्या यंत्राने, आणि तीही फरशी खरवडायचा राठ ब्रश लावला तर. पण जुनं यंत्रही माझंच ना! हॉटेलच्या स्टोअरमध्ये असतं, दाराला कुलूप नाही. साहेब म्हणतात, मग तुझ्याच माणसाने घोळ घातला."

आंटींनी कप खाली ठेवला. "तुझ्यावर जळतं कोण?"

याती डोळे पुसता पुसता हसली. "नवं यंत्र आल्यापासून? कोण जळत नाही ते विचारा."

हॉलच्या दारात ख्वा साहेब हात बांधून उभे होते. यातीला त्यांनी उंबऱ्यावरच अडवलं. "हिचं पाऊल गालिच्यावर पडता कामा नये. दुपारपासून मी कुणालाच आत सोडलेलं नाही."

आंटी चपला काढून आत गेल्या आणि गुडघे टेकून बसल्या. एकसारखी वर्तुळं, प्रत्येक मागच्यावर अर्धं चढलेलं. पट्ट्याच्या मधोमध पितळी पायांचं एक फुलांचं टेबल होतं, आणि वर्तुळं त्याच्या अगदी जवळून वळून गेली होती. कोपऱ्यात एकच पाकळी गळून पडली होती.

"बाजूला करू का हे?" लिंगमने टेबलाला हात घातला. "पायांखाली काहीतरी चकाकतंय, डोळ्यांवर येतं."

"हात लावू नकोस. सगळं जिथल्या तिथे राहू दे."

स्टोअरमध्ये जुनं यंत्र मागे कलतं करून ठेवलेलं होतं. राठ ब्रश काढून खिळ्याला टांगलेला, त्यातून अजून पाणी ठिबकत होतं.

"लिंगम, बोळात जरा चालवून बघ."

यातीने खाली मऊ ब्रश बसवला. लिंगमने बाह्या सरसावल्या, बटण दाबलं आणि पुढच्याच क्षणी यंत्र त्याला ओढत भिंतीवर घेऊन गेलं.

"अरे बापरे! हे यंत्र आहे की माजलेला बैल?"

"हँडल वर उचललं की उजवीकडे जातं, खाली दाबलं की डावीकडे," याती म्हणाली. "ढकलायचं नाही, डुलवायचं. शिकायला महिने लागतात."

"डुलवू कसं? हँडल माझ्या मांडीशी आलंय! कंबर मोडली."

"आपापल्या कमरेइतकं लावून घ्यायचं असतं. कालपर्यंत उंचच होतं, झुलने लावलेलं. तो तुमच्याएवढा आहे."

"हं," आंटी म्हणाल्या. त्यांच्या 'हं'चा अर्थ लिंगमला आजवर कळला नव्हता, पण त्याने शहाण्यासारखी मान हलवली.

झुल टोपी सारखी करत आला. आंटींचा प्रश्न पुरा व्हायच्या आत तो भडकला.

"माझ्यावर संशय? बरोबर आहे! पूर्वी लोक म्हणायचे, ही झुलची बायको. आता म्हणतात, हा यातीचा नवरा. पेपरात फोटो आला, बायको आणि यंत्र. मी कुठे? कापला!"

"मशिदीत कुणी पाहिलं तुम्हाला?"

"उशीर झाला, मागे बाहेर बसलो. कुणी पाहिलं नसेल. पण आंटी, जळतो मी, खोटं कशाला बोलू? तिच्या पोटावर पाय मात्र देणार नाही. तेच पोट माझं पण आहे."

यातीने मान फिरवली. झुल निघून गेला.

यंत्रं विकणाऱ्या लियाँगचं दुकान पलीकडच्याच रस्त्यावर होतं. माणूस बुटका, तोंडाचा पट्टा लांब.

"मी तिला केवढं मोठं यंत्र देत होतो! भन्नाट वेगाचं! म्हणे, ते फरशी चमकवायचं आहे, गालिच्यावर लोकर जाळेल. मला शिकवते! आणि घेतलं कुणाकडून, तर माझ्या वैऱ्याकडून."

"दुपारी कुठे होतात?"

लियाँगचा पट्टा जरा अडखळला. "तिथेच. बुंगा लावांगला. ख्वा साहेबांना भेटायला बसलो होतो, भेटले नाहीत. बसणं गुन्हा आहे का?"

आंटी दुकानातल्या यंत्रांवरून हात फिरवत होत्या. सगळी आपापल्या ब्रशवर उभी, ब्रशांचे केस दबून वाकडे झालेले. "हे असेच ठेवता?"

"गिऱ्हाईक काय ब्रश बघतं? गिऱ्हाईक रंग बघतं."

बाहेर येताच लिंगम कुजबुजला, "हाच! बुटका, हॉटेलात हजर, वर जळका. झालं की काम."

"तुझं झालं. माझं नाही," आंटी म्हणाल्या.

परतताना त्यांनी गाडीत बसून राहिलेल्या यातीला विचारलं, "यंत्र डुलवायला तुला शिकवलं कुणी?"

"सेल्वराणी अक्काने. आता ती हाउसकीपिंगची मुख्य आहे. आम्ही दोघी या हॉटेलात झाडूवाल्या म्हणून लागलो. गालिचा ओला असला की पितळेचा हिरवा डाग पडतो, म्हणून बिस्किटाच्या पुड्याचा चंदेरी कागद कापून पायांखाली सरकवायचो. बिस्किटं मी खायची, कागद ती कापायची." याती खिडकीबाहेर बघत राहिली. "आता प्लास्टिकच्या चकत्या मिळतात. माझ्या गाडीत खोकंभर आहेत, झुलही त्याच वापरतो. गालिचा वाळला की काढून घेतो. अक्का हल्ली फारशी बोलत नाही."

सेल्वराणी टेबलक्लॉथच्या ढिगाआड जेमतेम दिसत होती. ठेंगणी, केसांत मोगरा, घड्या घालणारे हात क्षणभरही न थांबणारे.

"माझा यंत्राशी संबंध सुटून वर्षं झाली. मी बरी, माझ्या चादरी बऱ्या. बसा. चहा घ्या. बिस्किटं घ्या."

लिंगमने बशीतलं बिस्किट उचललं आणि तोंड वाकडं केलं. "मऊ पडलीत."

"दुपारी कुठे होतात?" आंटींनी विचारलं.

"इथेच. माणसं जेवायला गेली, मी एकटी. विचारा या चादरींना."

"यातीची प्रगती बघून बरं वाटत असेल."

"वाटतं ना." हातातली घडी चुकली. तिने ती उकलून पुन्हा घातली. "पेपरात म्हणाली, सगळं स्वतः शिकले. बरं आहे बाई. देवाने काहींना असं शिकूनच जन्माला घातलेलं असतं."

आंटींनी चहा संपवला. मग सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं.

ख्वा साहेब, झुल, लियाँग, सेल्वराणी. याती उंबऱ्यावरच. लिंगम आंटींच्या शेजारी, लियाँगला धरायच्या तयारीत.

"आधी वर्तुळं बघा," आंटी म्हणाल्या. "एकसारखी, ओळीत. शिकलेल्या हाताची आहेत. लिंगमला यंत्र हातभरसुद्धा आवरलं नाही. म्हणजे भलतासलता कुणी नाही. आता हँडल. कालपर्यंत झुलच्या कमरेला होतं, आज लिंगमच्या मांडीशी आलं. उंच माणूस वाकून इतकी सुबक वर्तुळं काढू शकत नाही. म्हणून झुल नाही."

झुलने सुस्कारा सोडला.

"उरलो मीच!" लियाँग किंचाळला.

"तुम्ही यंत्र ब्रशवर उभं करून ठेवता. जळून गालिचा बिघडवायला आलेल्या या माणसाने मात्र जाताना यंत्र कलतं केलं, ब्रश काढून खिळ्याला टांगला. केस वाकू नयेत म्हणून! अंगात मुरलेली सवय आहे ती. तुमच्यात ती नाही."

"याती पण ठेंगणीच आहे," ख्वा साहेब म्हणाले. "आणि शिकलेली."

"आहे ना. म्हणून आता तिसरी गोष्ट. लिंगम, त्या टेबलाचा एक पाय उचल."

लिंगमने उचलला. पायाखाली चौकोनी कापलेला, दुमडलेला चंदेरी कागद होता.

उंबऱ्यावर यातीने तोंडावर हात ठेवला.

"पितळेचा डाग पडू नये म्हणून," आंटी म्हणाल्या. "गालिच्याची वाट लावायची, पण डाग पडू द्यायचा नाही! यातीच्या गाडीत चकत्यांचं खोकं आहे, ती असले कागद कशाला कापत बसेल? हा कागद बिस्किटाच्या पुड्याचा. पुडा आजच दुपारी फाडला गेला. आमच्या या पिनांगच्या दमट हवेत उघडी बिस्किटं किती वेळ कुरकुरीत राहतात? लिंगम, मऊ बिस्किट कुठे खाल्लंस?"

लिंगमने आ वासला. त्याने सेल्वराणीकडे बघितलं, आणि मग सगळ्यांनीच.

सेल्वराणीने काही नाकारलं नाही. ती यातीशीच बोलली, जणू हॉलमध्ये दुसरं कुणी नव्हतंच.

"यंत्र घ्यायचं ठरलं तेव्हा तू लियाँगला विचारलंस. नवऱ्याला विचारलंस. त्याच्या वैऱ्याच्या दुकानात तीनदा गेलीस. रोज माझ्या खोलीवरून जायचीस, पण मला एकदाही विचारलं नाहीस. जणू मला चादरींपलीकडे काही कळतच नाही. आणि वर पेपरात, 'स्वतः शिकले'! जळले मी. रोज जळत होते. आज दुपारी तो गालिचा तुझ्या हातचा इतका सुरेख दिसला, की राहवलं नाही."

"विचारलं असतं तर नको म्हणाली असतीस?" यातीने विचारलं.

"नाही. हेच घे म्हणाले असते. चांगलंच यंत्र आहे ते."

ख्वा साहेबांनी घसा साफ केला. "याती, तुमचं कंत्राट कायम. सेल्वराणी, तुमचा हिशेब करून टाकू. आत्ताच्या आत्ता निघा."

"साहेब, थांबा," याती म्हणाली आणि उंबरा ओलांडून आत आली. या वेळी तिला कुणी अडवलं नाही. "उद्या लग्न आहे. ही पिंजलेली लोकर यंत्राने बसत नाही, कातरीने धागा धागा छाटावी लागते. माझ्या एकटीच्याने सकाळपर्यंत होणार नाही. आणि हे काम येणारं दुसरं कुणी तुमच्या हॉटेलात नाही. काढायचं तर उद्या काढा."

ख्वा साहेबांनी गालिच्याकडे बघितलं, मग आंटींकडे. आंटी चपला घालत होत्या.

यातीने गाडीतून दोन कातऱ्या आणल्या. एक सेल्वराणीसमोर टाकली, हातात दिली नाही. दोघी दोन टोकांना गुडघ्यांवर बसल्या आणि छाटू लागल्या.

"मी तुला माफ केलेलं नाही, अक्का," बऱ्याच वेळाने याती म्हणाली. मान वर न करता.

"माहितेय मला," सेल्वराणी म्हणाली. "तुझ्या डाव्या हाताशी एक धागा उंच राहिलाय. तो काप."

यातीने बघितलं. खरंच राहिला होता. तिने तो कापला.