शिकवणीचं स्टेअरिंग

लाइट गेली ना? जाऊ दे. या वेळेला जातेच मेली, आठला येईल. बस हर्षाली, मेणबत्ती लावते. तू मघाशी विचारलंस ना, की इंद्रायणीताई, तुमच्याकडं बायकांना शिकवायला कॉम्प्युटरवरच्या गेमचं स्टेअरिंग होतं म्हणे, ते कुठं गेलं? आजवर कुणाला सांगितलं नाही. पण आज सकाळपासून माझा जीव थाऱ्यावर नाही. ऐक.

गेल्या वर्षीची, दोन हजार सातची गोष्ट. मंचरमध्ये बाईमाणसाला गाडी शिकवणारी मी एकटीच. बायका हौसेनं यायच्या आणि समोरून पहिला ट्रक आला की दोन्ही हात सोडून डोळे झाकायच्या. म्हणजे शेजारी बसून मरायचं मीच! म्हणून पुण्यातल्या एका बंद पडलेल्या सायबर कॅफेतून मी ते गेमचं स्टेअरिंग आणलं. पायाखाली ब्रेक-ॲक्सिलरेटर, समोर पडदा. गाडी दहा वेळा आपटली तरी कुणाचं नाक फुटत नाही. आठ दिवस त्यावर हात बसवायचा, मग रस्त्यावर. झकास चाललं होतं.

मोडलं ते महाळुंगे पडवळच्या ठमाबाईनं. सहा म्हशी सांभाळणारी बाई, मनगटं तशीच. वळणावर तिनं असा हिसका दिला की प्लॅस्टिकचं चाक कडाडकन तिच्या हातात आलं. वर मलाच म्हणते, "असलं नाजूक कशाला ठिवलंय गं? खेळण्यावर गाडी शिकवती व्हय!"

भिका टीव्हीवाल्याला बोलावलं. त्यानं डबडं उघडलं, आत फुंकर मारली. "ताई, आतलं समदं नीट हाय. नुसतं चाक गेलंय. पुण्यातबी मिळायचं न्हाई. थांबा, करतो कायतरी." बाजाराच्या दिवशी तो बेल्ह्याला गेला आणि भंगारवाल्याकडून एका खऱ्या गाडीचं स्टेअरिंग घेऊन आला. लोखंडी पट्टी कापली, चार बोल्ट मारले आणि त्या डबड्यावर ते पक्कं बसवलं.

काळं, जड, घामानं गुळगुळीत झालेलं. त्यावर कुणीतरी बारीक दोरी घट्ट गुंडाळली होती. मला आवडलंच ते. म्हटलं, खऱ्या गाडीचं वजन हाताला कळतंय. फक्त वास यायचा त्याला. ओल्या गाळाचा. फिनेलनं पुसलं, दोन दिवस उन्हात ठेवलं, वास काही गेला नाही.

त्याच आठवड्यात रीना आली. बाजारपेठेत कापडाचं दुकान आहे ना पोपटलाल शेठचं, त्यांची सून. सोबत सासू, कंचनबाई. रीनाचा नवरा अंकित, वय अठ्ठावीस, आणि दोन्ही किडन्या गेलेल्या. सोमवारी नि गुरुवारी पुण्याला डायलिसिस. दारात गाडी उभी, पण ड्रायव्हर टिकेना. एका गुरुवारी ड्रायव्हर आलाच नाही, तर दुसऱ्या दिवशी पोराला श्वास घेता येईना. कंचनबाईंनी माझे दोन्ही हात धरले. "इंद्रायणीताई, माझ्या मुलाचा जीव हिच्या हातात द्यायचाय. नीट शिकवा हो."

रीना भित्री, पण जिद्दीची. तिसऱ्या दिवशी ती गेमवर छान चालवत होती. पडद्यावर कुठल्या परदेशातला रस्ता, काचेच्या इमारती. आणि मधेच तिनं चाकाच्या मधलं बटण दोनदा दाबलं. हॉर्नचं बटण ते, त्याला वायरसुद्धा नव्हती. मग उजवा हात चाकाला लावून कपाळाला लावला आणि चाक पूर्ण डावीकडं फिरवलं. गाडी भिंतीवर.

"नमस्कार कुणाला केलास गं?"

"नमस्कार? मी नाही केला, ताई."

मी हसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. संध्याकाळी ठमाबाई बसली, तिनंही तेच केलं, आणि तिलाही पत्ता नाही. मग मी घड्याळ लावून बसले. बसल्यापासून अकराव्या मिनिटाला. बाई कुणीही असो, पडद्यावरचा रस्ता कुठलाही असो. दोन हॉर्न, नमस्कार, आणि डावीकडं.

एका दुपारी रीना शिकत असताना अशीच लाइट गेली. मी पाणी आणायला आत गेले. परत येऊन बघते तर पडदा काळा, खोलीत अंधार, आणि ही बाई चाक धरून तशीच बसलेली. डोळे मिटलेले. चाक सावकाश इकडून तिकडं फिरत होतं... खाचखळग्यातून गाडी काढावी तसं. गाळाचा वास इतका, की मी नाकाला पदर लावला.

"रीना..."

तिनं मान वळवली नाही. "सरकून घ्या राव," हळूच म्हणाली. "अजून एक पावणं हाय..."

अगं, मारवाड्याची शिकलेली सून ती. 'हाय' तिच्या तोंडी मी कधी ऐकलं नव्हतं. आणि चाकावरच्या तिच्या बोटांमधून पाणी ठिबकत होतं.

भिकाला त्याच पावली बोलावलं. "खरं सांग मुडद्या, कुणाच्या गाडीचं आहे हे?"

त्याचं तोंड उतरलं. "वडापच्या जीपचं, ताई. मंचर स्टँडवरनं महाळुंग्याला मानसं भरून न्यायची ती. वढ्याला पूर आला तवा जुन्या फरशी पुलावरनं वाहून गेली. ड्रायव्हरसकट धा जनं. मला वाटलं, लोखंडाला काय व्हतंय..."

मी त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. त्यानं बोल्ट काढले आणि ते चाक गोणपाटात गुंडाळून कुठं नेलं देव जाणे. ठमाबाईचा तर रोजचा रस्ताच तो, तिला सांगून टाकलं, बाई, तू म्हशीच बघ, गाडी तुझं काम नाही. ती अजून माझ्याशी बोलत नाही. पण रीनाला कसं सांगू? आणि चाक गेलं तरी हाताला लागलेली सवय कुठं जाते?

भाद्रपद होता, लायसनची परीक्षा चार दिवसांवर. मी मुद्दाम तिला महाळुंग्याच्या रस्त्यानं नेलं. म्हटलं, काय व्हायचं ते माझ्या पायाखाली ब्रेक असताना होऊ दे. शिकवणीच्या गाडीला शेजारच्या माणसापाशीही ब्रेक असतो, बघितलास ना? भर दुपार, लख्ख ऊन. ओढ्यावर आता नवा पूल आहे, सरळ समोर. जुनी वाट डावीकडं खाली उतरते, बाभळींनी पार झाकलेली. नव्या माणसाला ती दिसायचीसुद्धा नाही. रीना त्या रस्त्यावर जन्मात आली नव्हती.

दोन हॉर्न. हात कपाळाला. डावीकडं.

मी दोन्ही पायांनी ब्रेकवर उभी राहिले. बाभळी काचेवर ओरबाडल्या आणि पुढची चाकं पाण्यात जाऊन थांबली. रीना भानावर आली, हमसून रडायला लागली. मी मागं वळून बघितलं. सीट रिकामी. पण गाडी मागून दबलेली होती गं... आणि मी बघत असताना थोडी थोडी वर आली. एकेक जण उतरावा तशी.

घरी सोडताना मी कंचनबाईंना सांगणार होते. आईशप्पथ, सांगणार होते. दारात अंकित बसला होता. चेहरा सुजलेला, हाताला पट्टी. हसून म्हणाला, "काय ताई, झाली का आमची ड्रायव्हर तयार?" ही शिकली नाही तर हा पोरगा मरणार. आणि पुण्याचा रस्ता एकीकडं, महाळुंग्याचा दुसरीकडं, यांना तिकडं जायचंय कशाला? असं मनाशी म्हटलं आणि गप्प बसले. रीना पास झाली. कंचनबाई पेढे घेऊन आल्या, मी खाल्लेही. लाज वाटते आता.

वर्ष सुरळीत गेलं. परवा अंकित एकटाच आला. सहज, म्हणाला.

"रीना फार छान चालवते, ताई. फक्त निघताना स्टँडवर थांबते. मागचं दार उघडून ठेवते जरा वेळ."

"कशाला?"

"माणसं बसतात ना." मुलगा इतक्या साधेपणानं बोलला! "आधी मला कसंतरीच वाटायचं. पण बोलायला चांगली आहेत. पेठ गाव मागं पडेपर्यंत गप्पा रंगतात. ओली असतात बिचारी. एक म्हातारेबाबा आहेत, ते मला म्हणाले, पावणं, पुढं एकटं किती दिस बसायचं? या की आमच्यात."

मी त्याचा हात धरला. "अंकित, ऐक माझं. काही झालं तरी पुढची सीट सोडू नकोस. शपथ आहे तुला."

त्यानं हातावरची पट्टी नीट केली. "सुया टोचून घेऊन कंटाळलोय हो, ताई," म्हणाला, आणि उठून गेला.

आज गुरुवार. सकाळी सातला गाडी माझ्या दारावरून गेली. मी रस्त्यात धावत गेले, हात केला, ओरडले. रीनाची नजर समोर होती. तिच्या शेजारची सीट रिकामी होती. अंकित मागं बसला होता, मधोमध. अख्खी सीट मोकळी, आणि तो दोन्ही खांदे आत ओढून, गुडघे जुळवून, अंग चोरून बसला होता.