रिकाम्या डंपरचं वजन

किण्ण...

मांडणीतली एक वाटी दुसरीला लागली.

घरात चिडीचूप होतं. शुक्रवार, म्हणजे वीजवाल्यांचा दुरुस्तीचा दिवस, म्हणून दुपारपासून लाइट नव्हती. पंखा बंद, फ्रिज बंद, शेजारचा टीव्हीसुद्धा बंद. तिन्हीसांजेचा उजेड खिडकीतून निघून चालला होता. रुपाली चपात्यांचं पीठ मळत होती, आणि तेवढ्यात ती एक वाटी वाजली.

मग दुसरी. मग पेले. मग सगळी मांडणीच थरथरू लागली...

ही घडलेली गोष्ट आहे. डोंबिवली पूर्वेला, मानपाड्याला, यंदाच्या होळीच्या आधीच्या शुक्रवारी घडलेली. ज्यांच्या घरी घडली ती माणसं आजही त्याच घरात राहतात. पटो न पटो, आधी पूर्ण ऐकून घ्या.

रुपालीच्या नवऱ्याचा, मयूरचा, स्वतःचा डंपर होता. खाणीवरून खडी उचलायची आणि टिटवाळ्याच्या नव्या बिल्डिंगींवर नेऊन टाकायची. संध्याकाळी गाडी अंगणात येऊन उभी राहायची. लग्न होऊन या घरात आल्यापासून रुपालीला भांड्यांवरून कळायचं. गाडी रिकामी आली तर मांडणी गप्प. भरलेली आली तरच भांडी बोलायची.

आणि मयूर थोड्या वेळापूर्वीच फोनवर म्हणाला होता, "खाली करून निघालोय. रिकामाच येतोय."

पिठाच्या हातानेच ती बाहेर धावली.

डंपर अंगणात उभा होता. मागचा फाळका उघडा. आत काही नव्हतं. खडीचा एक दाणा नव्हता.

पण टायर...

टायर खाली दबले होते. पोट सुटल्यासारखे.

मयूर केबिनमधून उतरलाच नव्हता. स्टिअरिंग धरून समोर बघत बसला होता.

"अहो, उतरा ना. काय झालं?"

"आरटीओच्या पथकाने धरलं."

रुपालीला उलट हायसं वाटलं. "त्या हेमांगी मॅडमनी?"

या मॅडमचं नाव डंपरवाल्यांच्या घराघरात झालं होतं. आधी कसं चालायचं, रस्त्यात पथक उभं दिसलं की पुढचा मागच्यांना फोन लावायचा. मग ज्याच्या गाडीत माल जास्त तो ढाब्यावर चहा पीत बसायचा, नाहीतर एखाद्या मोकळ्या जागी थोडा माल सांडून गाडी हलकी करून पुढे जायचा. मॅडम आल्या आणि ते दिवस गेले. उभं राहायची जागा रोज बदलायची. संशय आला की गाडी थेट वजनकाट्यावर. जादा माल जागेवर खाली, नाहीतर गाडी जप्त. मयूरचा चुलतभाऊ विकी, तोही डंपरवालाच. तो म्हणायचा, "ती बाई बंपरची लिंबू-मिरची पण वजनात धरंल, बघ तू!"

"पण तुमचा माल तर मापात होता ना?" रुपालीने विचारलं.

"मापातच होता गं. मंगळवारनंतर मी एक पाटी जास्त भरलेली नाय. तरी काटा ओव्हरलोड दाखवत होता. मॅडम बोलल्या, जादा माल उतरवा. उतरवला. तरी तेच. मग म्हटलं, सगळाच खाली करतो..."

तो केबिनमधून खाली उतरला.

"रिकाम्या गाडीचं वजन भरलेल्या गाडीएवढं आलं, रुपाली."

"काटा बिघडला असेल."

"माझ्या मागच्या गाड्यांचं बरोबर येत होतं." मयूरने ओठांवरून जीभ फिरवली. "मग मॅडम स्वतः वर चढल्या. आत काय लपवलंय बघायला. बॅटरी मारली... आणि तशाच खाली आल्या. मला बोलल्या, 'आत बाळ कोणाचं आहे?'"

"बाळ?"

"मी बोललो, मॅडम, कसलं बाळ? त्यांनी उत्तर दिलं नाय. चलन नाय, जप्ती नाय. फक्त बोलल्या, 'जा. ही गाडी माझ्यासमोरून घेऊन जा.'"

जी बाई कुणाला एक टोपलं जास्त सोडत नव्हती, तिने गाडी अशीच सोडून दिली होती.

रुपालीने डंपरच्या पत्र्यावर थाप मारली. रिकामा पत्रा कसा वाजतो ते तिला माहीत होतं. घण्ण करून, पार नाक्यापर्यंत जाईल असा.

धप्.

भरलेल्या डब्यासारखा आवाज आला.

तेव्हाच तिच्या लक्षात आलं. एवढा वेळ झाला, पप्पा आले तरी दिशा धावत आली नव्हती.

"दिशा?"

उत्तर नाही.

"अगं ए दिशू!"

घरात नाही. ओटीवर नाही. मागच्या दारी, तुळशीपाशी नाही. चार वर्षांची पोर, जिची बडबड एरवी एक मिनिट थांबत नाही, तिचा कुठेच आवाज नव्हता. अंधार आता अंगणात उतरला होता.

आणि मग तिला तो आवाज आला...

थप... थप... थप...

डंपरच्या पलीकडून.

ती वळसा घालून गेली. दिशा मागच्या टायरला टेकून उभी होती. एका हाताने हळूहळू टायर थोपटत होती. रुपाली तिला रोज निजवताना थोपटते, अगदी तस्सं.

"श्शू... आई, मोठ्याने नको बोलू," दिशा कुजबुजली. "आत्ताच झोपलीत."

"कोण?"

"बाळं."

रुपालीने तिला झडप घालून उचललं. दिशाचा हात टायरवरून सुटला मात्र...

वरचे स्प्रिंगचे पाटे करकरले. आत कुणीतरी कूस बदलावी तसे.

मग आतून एक बारीकसा आवाज आला. मांजराच्या पिलासारखा. पण ज्या बाईने मूल वाढवलंय तिची त्यात फसगत होत नाही. ते रडणं होतं. भुकेलं, नुकतं जन्मलेलं.

एक थांबलं, की दुसरं सुरू व्हायचं.

रुपालीच्या मनात त्या क्षणी एकच होतं. गाडी जाऊ दे, धंदा जाऊ दे. जे काही हे आहे, ते माझ्या पोरीला चिकटता कामा नये.

"अहो, ही गाडी आत्ताच्या आत्ता बाहेर काढा!"

"थांब, सूनबाय."

ओटीवर रुपालीची सासू उभी होती. तुळसा. एका हातात कंदील, दुसऱ्या हाताने दाराची चौकट धरलेली. तिने तो आवाज ऐकला होता. ती पायऱ्या उतरली, डंपरपाशी गेली आणि फाळक्याच्या कडेवर तळहात ठेवला. ठेवूनच राहिली.

रडणं हळूहळू बंद झालं.

"मयूर," तिने वर न बघताच विचारलं, "माल कुठं सांडलास?"

"कुठं म्हणजे? त्या काट्यावरच..."

"आजचा नाय. त्याच्या आधी."

मयूर खालच्या आवाजात म्हणाला, "मंगळवारी. खाणीवर जास्त भरला होता. विकीचा फोन आला, पुढे पथक उभं हाय. म्हणून टिटवाळ्याच्या अलीकडे, नाल्याच्या वळणावर मोकळी जागा हाय तिथे निम्मा टाकला. तेव्हापासून गाडी चढावर रोज जास्त जास्त रडतेय. पण काय चुकलं? सगळेच टाकतात."

"करंजाच्या झाडाशी?"

"झाडबिड काय नाय तिथे, आये. बिल्डिंगवाल्यांनी सगळं सपाट केलंय."

तुळसाने डोळे मिटले.

"त्या जागेत तान्ही पोरं ठेवतात रे. जी दात यायच्या आधीच जातात ना, त्यांना जाळत नाय. तिथं पुरतात. त्यांच्या अंगावर तू खडी ओतलीस."

मयूरने उघड्या फाळक्याकडे बघितलं.

"मला कसं माहीत असणार, आये? तिथे एक दगडसुद्धा... पण तुला कसं ठाऊक?"

"माझं माहेर नाय का तिकडं," तुळसा म्हणाली आणि कंदील घेऊन आत गेली. जाताना पदराने तोंड पुसत होती. रुपालीला वाटलं, गरम होतंय म्हणून.

ती रात्र दिशाला मधे घेऊन, दोघांनी जागून काढली.

सकाळी सगळे तिथे गेले. मयूर डंपर घेऊन, विकी आणि तुळसा स्कूटरवरून. रुपालीही दिशाला घेऊन गेली, कारण पोरीसोबत घरी एकटं राहायची तिची छाती नव्हती. विकीने जेसीबी बोलवू का विचारलं, तर तुळसा त्याच्या अंगावरच धावून गेली.

"लोखंड लावायचं नाय! हातानं उचला."

मग हातांनी. घमेली भरत, बाजूला नेऊन ओतत. ऊन वर चढलं. विकीच्या बोटांची सालं निघाली, पण एरवी सदा चावट बोलणारा तो, त्या दिवशी चकार शब्द बोलला नाही. खडीखालून हळूहळू चपटे दगड दिसायला लागले. भाकरीएवढे. कुणावर पुसटसा शेंदूर. एकाशी मातीत रुतलेले दृष्टीचे काळे मणी... दोरा कधीच कुजून गेलेला.

रुपालीने दिशाचं तोंड आपल्या खांद्यात दाबून धरलं.

तुळसाने किटलीतलं दूध प्रत्येक दगडाशी थोडं थोडं सोडलं. शेवटी एका दगडाशी ती बसली. नाल्याच्या कडेला, बाकीच्यांपासून लांब. बराच वेळ बसली. ओठ हलत होते. मयूर हाक मारायला निघाला, पण रुपालीने त्याला थांबवलं. का, ते तिलाही कळलं नाही.

उठली तेव्हा तुळसाने दोन्ही हात पोटाशी धरले होते.

ती विकीच्या स्कूटरवरून घरी आली. वाटेत चढावर स्कूटर धापा टाकायला लागली तसा विकी म्हणाला, "काकी, जाताना तर हलकी होतीस. येताना काय, दगड बांधून आणलेस का काय?"

तुळसा हसली नाही.

सोमवारी मयूरने गाडी मापात भरली आणि मुद्दाम त्याच रस्त्याने नेली. पथक उभं होतं. हेमांगी मॅडमनी हात केला. गाडी काट्यावर चढली. वजन बरोबर. किलोचासुद्धा फरक नाही.

मॅडमनी आकडा वाचला. मग मयूरकडे न बघता विचारलं, "उतरले?"

"हो, मॅडम."

"सगळे?"

तो हो म्हणाला. मॅडमनी गाडी सोडली.

त्या दिवसापासून डंपर हलका झाला तो झालाच. चढावर रडत नाही, डिझेल पीत नाही. मयूर पुन्हा हसायला लागला. माल जास्त भरणं त्याने कायमचं सोडलं, आणि विकी त्याला "मॅडमचा जावई" म्हणून चिडवायला लागला. सगळं सुरळीत झालं, असं सगळ्यांनाच वाटलं.

रुपालीला वाटलं नाही.

तुळसा आता दिवसभर ओटीवरच्या झोपाळ्यावर बसून असते. आधी पाय टेकून जोरात झोके घ्यायची. आता अगदी हळू. जेवण कमी झालंय, खांद्यांची हाडं वर आलीत. आणि तरी ती बसली की वरच्या कड्या अशा ओढल्या जातात, की एके दुपारी तिथल्या प्लास्टरचा तुकडा खाली पडला.

कुणी शेजारी बसायला गेलं तर म्हणते, "तिथं नको." मांडीवर पदर पसरलेला असतो. कडक उन्हाळ्यातसुद्धा.

रुपालीने ठरवलं. दिशाला घेऊन थोडे दिवस कोपरीला, माहेरी जायचं. मयूरला सांगितलं, माझ्या आईची तब्येत बरी नाही. काल दुपारी तिने बॅग भरली, रिक्षा बोलावली. दिशाला म्हणाली, "जा, आजीला टाटा कर. लांबूनच."

दिशा गेली. झोपाळ्यापाशी उभी राहिली. तुळसा डोळे मिटून काहीतरी गुणगुणत होती. दिशाने टाटा केला... आजीला नाही. आजीच्या मांडीला.

मग मान तिरकी करून ती काहीतरी ऐकत राहिली.

परत आली ती कपाळाला आठी घालून. रुपालीचा पदर ओढून तिने विचारलं,

"आई, आजीला 'आये' तर फक्त पप्पा म्हणतात ना? मग ते बाळ का म्हणतंय?"