केतकी तानचा हिरवा दिवा

हृदयविकाराचा धोका आधीच सांगणाऱ्या नव्या यंत्राची ती शेवटची चाचणी होती. उद्यापासून ते सिंगापूरच्या सगळ्या दवाखान्यांत बसणार होते. हिरवा दिवा लागला तर पुढची तपासणी पाच वर्षांनी. लाल लागला तर त्याच दिवशी.

जुन्या यंत्राने डॉ. कारखानीसांच्या पत्नीला, नलिनीला, हिरवा दिवा दिला होता. नऊ महिन्यांनी ती हृदयविकाराने गेली. त्यानंतर चार वर्षे कारखानीसांनी हे नवे यंत्र बनवण्याखेरीज दुसरे काही केले नाही.

"नव्या यंत्रात वेगळं काय?" त्यांच्या मुलीने, केतकीने, विचारले.

"जुनं यंत्र सगळ्या आशियाई लोकांची एकच सरासरी काढायचं," त्यांच्या सहकारी डॉ. मेइ लिम म्हणाल्या. "आम्हा चिनी लोकांना हृदयविकाराचा धोका कमी. त्या सरासरीत तुम्हा भारतीयांचा जास्तीचा धोका झाकला जायचा."

"वजन तेच, कंबर तीच," कारखानीस म्हणाले, "पण आपल्या यकृतात चरबी जास्त साठते. साखर लवकर वाढते, धमन्या लवकर तुंबतात. म्हणून हे यंत्र आडनावावरून गट ओळखतं आणि त्या गटाच्या मापाने मोजतं."

"मग मला बसवा की!"

पाच मिनिटांत हिरवा दिवा लागला.

"चला, पाच वर्षं श्रीखंड खायला मोकळी!" केतकी हसली.

कारखानीस हसले नाहीत. पडद्यावरची साखर, कंबर, रक्तदाब त्यांना पाठ होते. नलिनीच्या शेवटच्या अहवालात जवळजवळ हेच आकडे होते, आणि त्या आकड्यांना नव्या यंत्राने लाल दिवा दिला होता. त्यांनी गटाचा रकाना पाहिला. चिनी.

"केतकी तान," मेइ म्हणाल्या. "हे नवऱ्याचं आडनाव आहे?"

"मग कुणाचं असणार?"

"माझ्या लग्नाला पंधरा वर्षं झाली. नवरा वाँग आहे, मी लिमच आहे. आमच्यात बाईचं आडनाव बदलत नाही." त्या कारखानीसांकडे वळल्या. "डॉक्टर, तुमच्यात ते बदलतं, हे चार वर्षांत तुम्ही एकदाही बोलला नाहीत?"

"आमच्यात लग्नं बहुतेक आपसांतच व्हायची; आडनाव बदललं तरी गट तोच राहायचा, म्हणून चाचण्यांत चूक दिसलीच नाही. आणि खरं सांगू? नलिनीचं माहेरचं आडनाव मी लग्नानंतर कधी कुठे लिहिलं नाही. माझ्या डोक्यातच आलं नाही."

त्यांनी 'तान' पुसून 'कारखानीस' लिहिले. लाल दिवा लागला.

केतकीने लाल दिव्याकडे बोट दाखवले. मग म्हणाली, "आणि माझा मुलगा, बाबा? तो तान आहे, पण अर्धा माझा. त्याला कुठला दिवा?"

"आडनावावरून नाही सांगता येणार. त्याचं यकृत बघावं लागेल, धमन्या बघाव्या लागतील."

"मग सगळ्यांचंच तसं बघावं लागेल," मेइ म्हणाल्या.

"हो. आडनावाचा रकाना काढून टाका."

"आणि उद्याचं उद्घाटन?"

"उद्या नाही. यंत्र नीट होईल तेव्हा. आधी हिला खाली हृदयतपासणीला नेतो."

"मी चालत येते, बाबा. धडधाकट आहे मी."

"तुझी आईही धडधाकटच होती," कारखानीस म्हणाले आणि त्यांनी चाकांची खुर्ची पुढे ओढली. "बस."