पळसाच्या पानांचा गुणवंता

दिवाळी होऊन गेली होती, सावरगावच्या शेतांत कापूस फुटला होता आणि अंबाबाईच्या अंगणात पळसाच्या पानांचा ढीग पडला होता. महाराज पानं पुसून रचत होते, शेजारचे दोघं-चौघं बिडी ओढत बसले होते. घरात कार्य असलं की असतं तसंच सगळं. फक्त ज्याचं कार्य होतं तो तिथं नव्हता. अंबाबाईचा धाकटा, गुणवंता, पंचवीस वर्षांपूर्वी डोंगरातल्या लढाईत विमानासकट गेला आणि त्याचं नखही परत आलं नाही. देह सापडत नाही त्याचा असा पानांचा पुतळा करतात, नारळाचं डोकं लावतात आणि त्याला अग्नी देतात.

गजेंद्र ओट्यावर बसून आतल्या आत धुमसत होता. तो नदीपलीकडचा, पांढुर्ण्याचा. लहानपणी गोटमारीच्या जत्रेत जाम नदीच्या दोन काठांवरून दोघांनी एकमेकांवर दगड भिरकावले होते. त्यातल्या एका दगडानं गुणवंताचा खालचा सुळा अर्धा तुटला आणि त्यावर पुढे स्टीलची टोपी बसली. तो दगड आपलाच, असं दोघं हवाईदलात गेल्यावरही गजेंद्र छाती काढून सांगायचा. गुणवंता टोपी दाखवत हसायचा.

त्या दिवशी दोघं शेजारशेजारच्या विमानांत होते. गुणवंताचं विमान पेटलं, त्याची छत्री उघडली, तो बर्फावर उतरला आणि त्यानं वर बघून हात हलवला. गजेंद्रनं हे आपल्या डोळ्यांनी पाहिलं. जागा ताबारेषेच्या पलीकडची होती, पण फार आत नव्हती. त्यानं हेलिकॉप्टर मागितलं. उत्तर आलं, दिल्लीचा हुकूम आहे, रेष ओलांडायची नाही, परत फिरा. आठवड्याच्या आत मंत्र्यांनी जाहीर करून टाकलं की पलीकडे आपलं कोणीही नाही, वैमानिक विमानातच जळाला. गजेंद्र वरपर्यंत भांडला. वरच्यांनी ऐकून घेतलं, चहा पाजला आणि वाटेला लावलं. खुर्चीत बसून लढणाऱ्यांचा राग त्याच्या मनातून आजवर गेला नव्हता.

अंबाबाईनं मात्र मंत्र्यापेक्षा गजूवर विश्वास ठेवला. जिवंत माणसाचा पुतळा जाळत नाहीत, म्हणून इतकी वर्षं तिनं महाराजांना अंगणात पाऊल टाकू दिलं नाही. मग यंदा तेच मंत्री मतं मागत सावरगावात आले. आता थकलेले, हातात काठी. तिच्या बाजेवर बसले आणि नातवाची शपथ घेऊन म्हणाले, तुमचा मुलगा विमानातच गेला, माय.

"नातवाची खोटी शपथ कोन घेईन?" अंबाबाई गजेंद्रला म्हणाली. "अन् मी गेल्यावर त्याचं करन कोन?"

"काकू, मी त्याले उतरताना पायलं."

"पायलं असशीन. पन मले आता मोकळं होऊ दे."

पुतळ्याला धरून तिरडीवर ठेवायला गजेंद्रही पुढे झाला.

महाराजांनी नारळ नीट मधोमध बसवला होता. पांढरं कापड घातलं तेव्हा तो डावीकडे कलला. सरळ केला, पुन्हा कलला. महाराज म्हणाले, जागा सपाट नसेल. गुणवंता शाळेत तसाच मान कलती करून बसायचा, गजेंद्रला आठवलं.

तिरडी उचलताना गुणवंताचा थोरला भाऊ रामाजी गुडघ्यावर आला. पानांचं आणि काड्यांचं ते काय वजन असणार? तरी आणखी दोघांना खांदा द्यावा लागला. नदीपर्यंत गजेंद्रच्या खांद्यावर बांबू रुतत होता.

पळसाची पानं भडकतात आणि विझतात. ही आग दिवेलागणीपर्यंत जळत राहिली. धुराला वास होता. पानांचा नव्हता. गजेंद्रनं नोकरीत जळालेल्या विमानांपाशी तो वास घेतला होता. तो नदीच्या पाण्यात जाऊन उभा राहिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी राख सावडायला गेले. अंबाबाईही हट्टानं आली. पुतळ्याच्या राखेत सावडायचं काय, उगाच रीत म्हणून रामाजीनं हात घातला.

त्याचा हात तिथंच थांबला.

"गजूभाऊ, हे पाय बरं."

खालचा जबडा होता. माणसाचा. त्यात एकच दात उभा होता, सुळा, आणि त्यावर स्टीलची टोपी.



म्हातारीनं जबडा पदरात घेतला. रडली नाही. हाडाच्या कडेवरून तिनं बोट फिरवलं. बाकीचे दात जिथं असायचे तिथं खळगे नव्हते. हाड गुळगुळीत भरून आलं होतं. मग तेच बोट तिनं आपल्या तोंडात घातलं आणि स्वतःच्या बोळक्यावरून फिरवलं.

"माह्यासारखंच हाय," ती म्हणाली. "गजू, दात पडल्यावर असं भरून याले लय वर्सं लागते रे."

गजेंद्र तिच्यापाशी राखेत उकिडवा बसला.

"मंग तो विमानात नोता."

"नाही, काकू."

"मंग परवा आपुन कोनाले जाळलं?"

रामाजी उठून नदीकडे तोंड करून उभा राहिला. गजेंद्रनं जबडा हातात घेतला. ती टोपी त्यानं लढाईच्या सकाळीही पाहिली होती, जाड आणि अख्खी. आता ती झिजून कागदाएवढी पातळ झाली होती. एकाच दातानं वर्षानुवर्षं भाकरी तोडावी तशी. आणि झिजलेली कड मळलेली नव्हती. रोजच्या वापरातल्या चमच्यासारखी ती चकचकीत होती.